मोजण्याआधीची आखणी

गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या आडगावी १९९०च्या सुमारास घरी जन्मलेलं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं, तर सरकारी कागदावर ते बहुधा मरत नसे. कारण कागदावर ते जन्मलेलंच नसे. बाळंतपण सुईणीच्या हातून झालेलं, बाळाचं अजून बारसं नाही, आणि गेलेल्या बाळाबद्दल घरातही कुणी फार बोलत नसे. तालुक्याच्या तक्त्यात मग बालमृत्यू कमी दिसत. आता समजा, एखाद्या संस्थेनं अशा गावांत बाळं वाचवायचं काम हाती घेतलं, गावोगाव माणसं नेमली, घरोघरी विचारपूस सुरू केली. पहिल्या वर्षअखेर काय दिसेल? नोंदलेले मृत्यू वाढलेले दिसतील. काम जितकं नेटकं, तितका आकडा वाईट.

सामाजिक कामाचा परिणाम कसा मोजावा, हा विषय इथून समजून घ्यायला सुरुवात करावी असं मला वाटतं. परिणाम मोजणं म्हटलं की डोळ्यांपुढे शेवटचा आकडा येतो: टक्केवारी, आलेख, अहवालाच्या मुखपृष्ठावरचा हसऱ्या मुलीचा फोटो. या पुस्तकाचा भर त्याच्या बऱ्याच आधीच्या कामावर आहे. कुणाला विचारायचं, कधी विचारायचं, कोणत्या शब्दांत, विचारणारा कोण असावा, उत्तर कुठल्या कागदावर कसं लिहायचं, आणि ते कशाशी ताडून पाहायचं. याला डिझाइन म्हणा, आखणी म्हणा. आकडा विश्वास ठेवण्याजोगा आहे की नाही, ते बहुतांशी इथंच ठरून जातं. पुढची संख्याशास्त्राची करामत बिघडलेल्या आखणीला फार थोडं सावरू शकते. या प्रस्तावनेत मला एवढंच सांगायचं आहे, आणि ते काही खऱ्या उदाहरणांतून सांगितलेलं बरं.

गडचिरोलीचंच उदाहरण आधी. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली तिथं ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांचा पहिला गाजलेला अभ्यास दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा. १९८९ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि त्यातला ९२ टक्के हा आकडा जगभर सांगितला गेला. इतक्या स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी आजार होता. मला मात्र त्याच अभ्यासातला दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो. यांतल्या जेमतेम ८ टक्के स्त्रियांची त्याआधी कधी अशी तपासणी झालेली होती. म्हणजे दवाखान्यातल्या केसपेपरांवरून कुणी या गावांचं आरोग्य मोजायला बसलं असतं, तर बहुतेक सगळ्याजणी त्याच्या हिशेबाबाहेरच राहिल्या असत्या. तपासणी गावात नेली, आणि तक्रार असो वा नसो, सगळ्यांना बोलावलं. बदल एवढाच; पण तो आखणीतला होता, म्हणून आजार दिसला.

नवजात बाळांचा प्रयोग याहून गुंतागुंतीचा. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत, गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बाईला तयार करून घरोघरी पाठवलं गेलं: गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणं, त्याला उबेत ठेवणं, वजन करणं, अंगावर पाजायला मदत करणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून इंजेक्शन देणं. दुसऱ्या ४७ गावांत हे काम नव्हतं, पण जन्म-मृत्यूची नोंद तितक्याच काटेकोरपणे होत होती. आणि ३९ गावांत काम सुरू होण्याआधी दोन वर्षं नुसती मोजणी झाली. कुठल्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातून आज सर्वांत आधी कापली जातात ती हीच दोन वर्षं.

जन्म आणि मृत्यू नोंदवणारी माणसं बाळांवर उपचार करणाऱ्या बायकांपेक्षा वेगळी होती. शिवाय दर सहा महिन्यांनी घरोघरी फिरून त्या नोंदी पडताळल्या जात. कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका म्हणून हे करायचं नसतं. ज्या बाईनं एखाद्या बाळासाठी रात्र जागून काढली, तिलाच सकाळी ‘मृत्यू’ या रकान्यात खूण करायला लावणं, आणि त्या खुणेवरून तिच्या कामाची किंमत ठरवणं, हा तिच्यावरही अन्याय आहे.

आणखी एक बारकावा. बाळ जन्मलं, रडलं नाही, दोन-चार मिनिटांत गेलं. हा मृत जन्म की नवजात मृत्यू? सुईण म्हणते, मेलेलंच आलं. आई म्हणते, हात हलवला होता. फक्त नवजात मृत्यू मोजले, तर काही बाळं एका रकान्यातून दुसऱ्यात सरकूनही यश दिसू शकतं, आणि त्यात कुणाची लबाडी असावी लागत नाही. त्या अभ्यासात मृत जन्मांसह जन्माच्या आगेमागे झालेले सगळे मृत्यू वेगळे धरून मोजले गेले, ते यासाठी महत्त्वाचं. तेही घटलेले निघाले. हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ नवजात मृत्यू होत असलेल्या गावांत तिसऱ्या वर्षी हा दर २५च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो ६०च्या जवळच राहिला. डिसेंबर १९९९मध्ये हा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि २०११ साली घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशा सेविकांकडे सोपवलं गेलं.

या आखणीत उणीव नव्हती असं नाही. कोणती गावं कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. उपचार झालेल्या गावांत आणखी काही वेगळं होतं का, ही शंका म्हणूनच पूर्ण फिटत नव्हती. तिचं उत्तर इतरांनी दिलं. उत्तर प्रदेशातल्या शिवगडमध्ये आणि बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये याच धर्तीचे, पण तपशिलात वेगळे प्रयोग झाले आणि तिथं गावांचे गट चिठ्ठ्यांच्याच पद्धतीनं पाडले होते. दोन्हींचे निष्कर्ष २००८ साली आले: शिवगडमध्ये नवजात मृत्युदरात ५४ टक्के घट, सिल्हेटमध्ये ३४ टक्के. गडचिरोलीत ती ६२ टक्के होती. दिशा तिन्हीकडे एक, परिणामाचं माप मात्र जागा, माणसं आणि कामाचं स्वरूप बदललं की बदलतं. एका ठिकाणचा मोठा आकडा घेऊन दुसऱ्या ठिकाणी तेवढ्याचीच हमी देणाऱ्यांनी हे तीन आकडे शेजारीशेजारी लिहून ठेवावेत.

गडचिरोली सोडण्याआधी एका छोट्या वस्तूबद्दल सांगितलं पाहिजे. नवजात बाळांच्या प्रयोगाच्या आधी तिथं लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम झालं होतं. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक वेळा श्वास घेत असेल, तर धोका. त्याहून मोठ्या बाळाला हीच मर्यादा पन्नासची. पण मोजणार कोण? गावातल्या सुईणींकडे घड्याळ नाही, आणि पन्नास-साठपर्यंत आकडे म्हणायची सवय नाही. दहापर्यंत येतात. मग एक साधन बनलं: एका मिनिटाची वाळूची कुपी आणि मण्यांच्या दोन रांगा, एक तान्ह्या बाळासाठी, दुसरी मोठ्या मुलासाठी. कुपी उलटी करायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया.

या वस्तूत डिझाइनचा जवळजवळ सगळा विचार आहे. शिकलेल्या माणसानं आधी सुईणीला शंभरपर्यंत अंक शिकवायचा वर्ग काढला असता, उजळणी घेतली असती, आणि मग ‘स्थानिक क्षमतेचा अभाव’ असा शेरा मारून काम गुंडाळलं असतं. इथं सुईणीला काय येतं ते आधी पाहिलं आणि साधन त्या बेतानं घडवलं. आकडा कुठं लिहायचा नाही, वजाबाकी करायची नाही, तक्ता पाहायचा नाही. मोजणं आणि निर्णय घेणं एकाच क्रियेत उरकतं.

याच्या शेजारी २०२१ सालची एक घटना ठेवून पाहा. केंद्राचं पोषण ट्रॅकर हे ॲप आलं तेव्हा महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत करायला सुरुवात केली. फोन तापतात, बंद पडतात, त्यात जागा पुरत नाही, आणि ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. बातम्यांत हे आंदोलन मागण्यांचं म्हणून आलं, आणि ते तसं होतंही. पण मोजमापाच्या दृष्टीनं त्याचा अर्थ वेगळा आहे. राज्यातल्या लाखो मुलांचं वजन आणि उंची ज्या हातांनी नोंदवली जाणार, त्या हातांना साधन पेलत नसेल, तर वरच्या पडद्यावर रंगीत नकाशात दिसणारं कुपोषण नेमकं कशाचं आहे?

आता हा विषय आजच एवढ्या चर्चेत का, ते सांगतो. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नं ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. २०२१च्या नियमबदलानं त्यात परिणामांचं मूल्यमापन आलं: ज्या कंपनीची अशी बांधिलकी सरासरी दहा कोटी रुपये किंवा अधिक आहे, तिनं एक कोटी किंवा त्यावरच्या, आणि पूर्ण होऊन किमान वर्ष झालेल्या प्रकल्पांचं त्रयस्थाकडून मूल्यमापन करून घ्यायचं. तेव्हापासून पुण्या-मुंबईतल्या लहान-मोठ्या संस्थांत ‘इम्पॅक्ट’ हा शब्द रोजच्या बोलण्यात रुळला. हेतू चांगला. पण ‘पूर्ण होऊन वर्ष झालेल्या’ या अटीमुळे अनेक ठिकाणी मोजमापाचा विचारच काम संपल्यावर सुरू होतो. मूल्यमापन करणारा गावात येतो तेव्हा सुरुवातीला काय स्थिती होती याची नोंद नसते, तुलनेला गाव नसतं. उरतात ते लाभार्थी, आणि त्यांना विचारलेला प्रश्न, ‘तुम्हाला फायदा झाला का?’ घरी आलेल्या पाहुण्याला, तोही शिलाई मशीन देणाऱ्यांच्या वतीनं आलेला, ‘नाही झाला’ असं तोंडावर सांगणारी माणसं आपल्याकडे फार नाहीत. नियमानं आधीची मोजणी करायला मनाई केलेली नाही हे खरं. पण ती मागितलेलीही नाही.

काम झाल्यावर मागे वळून पाहण्यातला धोका केनियातल्या एका अभ्यासानं फार स्वच्छ दाखवला. शाळांत भिंतीवर टांगायचे शैक्षणिक तक्ते असतात. ज्या शाळांत ते आधीपासून होते त्यांची नसलेल्या शाळांशी तुलना केली, तर तक्ते असलेल्या शाळांतल्या मुलांना चांगले गुण मिळतात असं दिसे. मग मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७८ शाळा घेतल्या, चिठ्ठीच्या पद्धतीनं निवडून काही शाळांना तक्ते दिले आणि परीक्षांचे निकाल तपासले. तक्त्यांमुळे गुण वाढल्याचा काही पुरावा मिळाला नाही. ज्या शाळांनी स्वतःहून तक्ते मिळवले होते त्या मुळातच जरा जागरूक होत्या, गुणांचं कारण तिथं होतं. हा अभ्यास २००४ साली छापून आला. २०१९ साली क्रेमर, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफलो यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच पद्धतीच्या कामासाठी.

ही दृष्टी परदेशातून आली असा समज असेल, तर पुण्यात थोडं मागे जायला हवं. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे शेतीवर, मजुरीवर आणि व्यापारावर काय परिणाम झाला याची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याचं पाणी मिळालेला भाग आणि त्याच परिसरातला कोरडवाहू भाग शेजारीशेजारी ठेवून पाहण्याची रीत त्यात आहे. कालव्यानं किती एकर भिजले एवढ्यावर समाधान न मानता पाणी आल्यानं कुणाचं काय बदललं असं त्यांनी विचारलं. चिठ्ठ्या टाकून कालवा काढता येत नाही, तेव्हा तुलना कशी साधायची, हा प्रश्न त्या अहवालात आजच्या वाचकालाही ओळखीचा वाटेल.

पाण्याचाच विषय निघाला म्हणून जलयुक्त शिवार. दरवर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची, असं लक्ष्य घेऊन ही योजना २०१४च्या अखेरीस आली. तिची प्रगती लोकांसमोर मांडली जाई ती मुख्यतः किती कामं झाली आणि किती टीसीएम, म्हणजे हजार घनमीटर, साठवण क्षमता निर्माण झाली यावरून. खोदलेल्या खड्ड्याचं आकारमान मोजणं सोपं, आणि बिल काढायला ते लागतंही. पण विहिरीचं पाणी वाढलं का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर पावसावर, खालच्या खडकावर आणि वर लावलेल्या उसावर अवलंबून. चांगल्या पावसाच्या वर्षी योजना नसलेल्या गावातल्या विहिरीही भरतात. २०२०मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालानं सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढवण्यात योजनेला फारसं यश आलं नाही असं म्हटलं, आणि त्यावर राजकीय धुरळा उडाला. त्यात कुणाची बाजू घ्यायची ते वाचकानं ठरवावं. पावसाचा फरक वजा करून तुलनेच्या पाणलोटांशी ताडून पाहायची सोय पहिल्या दिवसापासून योजनेतच असती, तर भांडणाला निदान एक सामाईक जमीन मिळाली असती.

चंद्रपूरच्या दारूबंदीचंही असंच. एप्रिल २०१५मध्ये बंदी लागू झाली, मे २०२१मध्ये ती उठवायचा निर्णय झाला. मधल्या काळात बंदीच्या यशापयशाची चर्चा होताना अवैध दारूचे दाखल गुन्हे वाढल्याचे आकडे पुढे येत. बंदी नसताना बंदी मोडण्याचा गुन्हाच नसतो, आणि पोलीस जास्त छापे घालतील तितके गुन्हे जास्त. हा आकडा दारू किती प्यायली जाते ते सांगत नाही. त्यासाठी घरोघरी विचारावं लागतं, आणि तेही बंदीच्या आधी व नंतर, एकाच पद्धतीनं.

घरोघरी विचारणं म्हणजे तरी काय, याबद्दल एक किस्सा प्रत्येक सर्वेक्षकाला तोंडपाठ असावा. भारतातली गरिबी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातल्या कुटुंबखर्चावरून ठरत आली. गेल्या तीस दिवसांत काय खाल्लं, किती खर्च झाला, असं विचारायची प्रथा होती. हे सर्वेक्षण उभारणाऱ्या महालनोबिसांच्या काळात आठवड्याचा हिशेब विचारावा की महिन्याचा याचे प्रयोग होऊन महिन्याच्या बाजूनं कौल दिला गेला होता. नव्वदच्या दशकात पुन्हा तपासून पाहिलं तर खाण्यापिण्याच्या बाबतीत सात दिवसांचं विचारल्यावर लोक बराच जास्त खर्च सांगतात असं आढळलं. इतका जास्त, की केवळ प्रश्न बदलून देशातले जवळजवळ निम्मे गरीब कागदावरून नाहीसे झाले असते. यानंतर १९९९-२०००च्या ५५व्या फेरीत एक तडजोड झाली: सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असे दोन्ही रकाने एकाच कागदावर, शेजारीशेजारी. घरातली बाई आठवड्याची डाळ सांगते, लगेच महिन्याची विचारली जाते. मग एका उत्तराचा दुसऱ्याशी मेळ घातला जाणारच. त्या फेरीवरून गरिबी ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचं जाहीर झालं. त्यानंतर अर्थतज्ज्ञांत जो वाद पेटला तो कैक वर्षं चालला, आणि अँगस डीटन यांच्यासारख्यांनी तो आकडा दुरुस्त करायला बुद्धी पणाला लावली. घट काही प्रमाणात खरी होती, हेही त्यातून निघालं. पण नेमकी किती, ते त्या कागदाच्या मांडणीनं कायमचं धूसर करून ठेवलं.

शौचालयांच्या बाबतीत प्रश्नाचा कर्ता बदलला की उत्तर बदलतं. ‘घरातले लोक कुठं जातात?’ असं कुटुंबप्रमुखाला विचारलं तर संडासाकडे बोट दाखवलं जातं. प्रत्येक माणसाबद्दल वेगळं विचारलं, आजोबा कुठं, मोठा मुलगा कुठं, तर शेताकडे जाणारे बरेच निघतात. उत्तर भारतातल्या २०१४च्या एका पाहणीत चालू स्थितीतला संडास असलेल्या ४० टक्क्यांहून अधिक घरांत निदान एकजण तरी उघड्यावर जात होता. संडासांची संख्या मोजणाऱ्या यंत्रणेला हा माणूस दिसूच शकत नाही.

आखणीचं मला सर्वांत आवडतं उदाहरण मात्र शिक्षणातलं. ‘प्रथम’ ही मुंबईत उभी राहिलेली संस्था. तिच्या पुढाकारानं २००५पासून ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी सुरू झाली, ती ‘असर’ या नावानं. वाचनाची सगळी परीक्षा एका पानावर मावते: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला आधी उतारा वाचायला देतात. जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. अपमान न होता मूल आपल्या पायरीवर जाऊन थांबतं. लेखी काही नाही, कारण लेखी परीक्षेत न वाचता येणाऱ्या मुलाचं फक्त कोरं पान मिळतं.

परीक्षा घरी घेतात, शाळेत नाही. शाळेत त्या दिवशी न आलेलं, पटावर असून कधीच न येणारं, खासगी शाळेत जाणारं, शाळाच सोडलेलं, अशी सगळी मुलं घरीच सापडतात, म्हणून दिवसही सहसा रविवारचा. जिल्ह्यातली तीस गावं जनगणनेच्या यादीतून, लोकसंख्येच्या प्रमाणात, निवडलेली. गावात पोचल्यावर आधी फिरून नकाशा काढायचा, गावाचे चार भाग पाडायचे, प्रत्येक भागातून दर पाचवं घर याप्रमाणे पाच घरं. नकाशाची ही पायरी नसती तर स्वयंसेवक डांबरी रस्त्यावरची, चहा विचारणारी घरं करून परतले असते आणि वाडीवस्तीवरची, वेशीपलीकडची मुलं सुटली असती. जातिभेद मोडायचं व्याख्यान इथं कुणी देत नाही, पण दर पाचव्या घराचा नियम सर्वेक्षकाला जिथं तो आपणहून गेला नसता तिथं नेतो. २०१८च्या पाहणीत पाचवीतल्या निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. करोनानंतर, २०२२मध्ये, हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास उतरलं. शाळेत गेलेल्या मुलांची संख्या हेच ज्या देशात शिक्षणाचं माप होतं, तिथं एका पानानं चर्चेचा विषय बदलला.

या पाहणीवर टीका आहे आणि ती रास्त आहे. हे पान तळ मोजतं. आठवीतल्या मुलीला विचार करता येतो का, ते त्यावरून कळत नाही. जिल्ह्याचा अंदाज देणाऱ्या नमुन्यावरून एखाद्या गावच्या शिक्षकाला जाब विचारणं चूक, तरी ते होतं. त्याहून मोठी गोष्ट उत्तर प्रदेशातल्या जौनपूरमध्ये दिसली. गावाला मुलांची स्थिती दाखवली, लोकांना ते पान वापरून मुलं तपासायला शिकवलं, की शाळा सुधारतील अशी आशा होती. चिठ्ठीनं निवडलेल्या गावांत करून पाहिलं, तर नुसत्या माहितीनं शाळांत काही हललं नाही. गावातल्या तरुणांनी वाचनवर्ग चालवले तिथं मात्र वर्गाला येणारी मुलं शिकली. मोजमाप आपोआप बदल घडवतं, हा आमच्या क्षेत्रातला फार लाडका भ्रम आहे. जौनपूरचा निकाल प्रथमनं लपवला नाही, हे मला त्या आकड्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तुलनेच्या गटाबद्दल एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो भावनेचा म्हणून झटकून टाकू नये: उपाय हाताशी असताना अर्ध्या गावांना तो न देता नुसतं मोजत बसायचं? मुंबई आणि बडोद्यातल्या ‘बालसखी’ प्रयोगाची आखणी या प्रश्नाला सामोरी गेली. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच एका तरुणीनं वेगळं शिकवायचं, असा तो उपक्रम. सगळ्या शाळांना पुरतील इतक्या बालसखी सगळ्या इयत्तांना देणं शक्य नव्हतंच. मग काही शाळांत त्या एका इयत्तेला दिल्या, उरलेल्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला. रिकाम्या हातानं कुठलीच शाळा परतली नाही, आणि प्रत्येक इयत्तेला तुलनेसाठी दुसऱ्या शाळांतला तोच वर्ग मिळाला. मुलांचे गुण वाढले, दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त.

आतापर्यंतची बहुतेक मोजमापं बाहेरच्या माणसासाठी होती: देणगीदार, संशोधक, शासन. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारचा पाण्याचा ताळेबंद या जातीचा नाही. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली या गावानं पाणलोटाची कामं केली हे सर्वांना माहीत आहे. त्यामानानं त्यांच्या हिशेबाबद्दल कमी बोललं जातं. गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात, माणसांना, जनावरांना आणि शेतीला किती पाणी लागेल ते ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून यंदा कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याची पिकं नाहीत. उसावर आणि शेतीसाठीच्या बोअरवेलवर गावाची बंदी आहेच.

मूल्यमापनाच्या शास्त्राप्रमाणे पाहिलं तर या ताळेबंदात उणिवा काढता येतील. तुलनेचं गाव नाही, मोजणारे आणि ज्यांचं मोजायचं ते एकच, त्रयस्थ पडताळणी नाही. गडचिरोलीत नोंद घेणारा वेगळा ठेवणं आवश्यक होतं, कारण तिथला आकडा दूरच्या कुणाला तरी पटवायचा होता. इथं आकडा कुणालाच पटवायचा नाही. तो फुगवून सांगितला तर फेब्रुवारीत विहिरी तळाला जातात, गहू हातचा जातो, आणि पुढच्या ग्रामसभेत ज्यानं हिशेब मांडला त्याच्यासमोर ते शेतकरी बसलेले असतात.